सहाशे रुपये कोणाचे?

गोपाळकाला झाला, दिंडी गावी परतली, की पुढच्या एकादशीला आमच्याकडे हिशेबाची बैठक असते. मारुतीच्या देवळात सगळे जमतात. विणेकरी, चोपदार, स्वयंपाकाच्या माउली, ट्रकचा चालक, सगळे. भिशी किती जमली, किराणा कितीचा, डिझेल कितीचे, कोणी अन्नदान दिले, हे सारे मोठ्याने वाचायचे आणि मग शिल्लक सांगायची. ही वही बरीच वर्षे माझ्याकडे आहे. कीर्तनाला आता उभे राहवत नाही, चाल धरली की दम लागतो. बसून आकडे जुळवायला मात्र दम लागत नाही, म्हणून मंडळींनी वही काढून घेतलेली नाही.

यंदा त्या वहीत सहाशे रुपयांची एक रक्कम अशी आली की ती कोणाच्या नावावर लिहावी हे मला दोन रात्री सुचले नाही. त्या दोन रात्रींत जे मनात आले ते तुमच्यापुढे ठेवतो. विषय क्रेडिट कार्डाचा आहे. वारकऱ्याच्या मासिकात तो कशाला, असे काही जण म्हणतील. पण आज घरोघरी एका तरी मुलाच्या खिशात ते कार्ड आहे, आणि जे खिशात आहे त्याचा विचार बुक्का लावलेल्या कपाळाने करायला हवा.

झाले असे. वारीच्या आधी एकशे दहा माणसांचा शिधा भरायचा होता. तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापूड मिळून बिल १,२०,००० रुपयांच्या घरात जाणार होते. पुण्याला नोकरी करणारा नातू सुट्टीला आला होता. म्हणाला, "आबा, एवढी रोकड पिशवीत घालून कशाला नेता? माझ्या कार्डावर घेऊ. भिशीचे पैसे माझ्या खात्यात भरा. बिल भरायच्या तारखेला महिन्याहून जास्त अवकाश आहे, तोवर एक रुपया व्याज नाही. आणि वर पॉइंट मिळतील."

तसे केले. बिल आल्यावर त्याने तारखेच्या आत पूर्ण रक्कम भरली. मग मला फोन आला, "आबा, शंभराला दोन याप्रमाणे चोवीसशे पॉइंट मिळाले. एका पॉइंटाचे पंचवीस पैसे. दिंडीला सहाशे रुपये फुकट मिळाले." मी खूश झालो. द्वादशीच्या पंगतीला थोडे तूप जास्त वाढता आले असते, असेही मनात आले.

पण वही मोठी खट्याळ असते. तिच्यात रक्कम लिहायची तर ती कोणाकडून आली हेही लिहावे लागते. 'फुकट' नावाचा माणूस काही आमच्या गावात राहत नाही. मग नातवाला विचारले, हे सहाशे रुपये बँक कुठून देते? तो मुलगा खरे बोलणारा आहे. म्हणाला, "आबा, कार्ड घासले की दुकानदाराच्या पैशांतून साधारण शंभराला दोन रुपये कापले जातात. त्यातला काही भाग आपल्याला पॉइंट म्हणून परत येतो. शिवाय जे लोक पूर्ण बिल भरत नाहीत त्यांचे व्याज असते, दंड असतो, कार्डाची वार्षिक फी असते. बँकेची मिळकत तीच."

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन दुकानदाराला भेटलो. त्याच्या वडिलांपासून आमचा शिधा तिथलाच. विचारले, तेव्हा तो हसला. "महाराज, चोवीसशे रुपये गेले माझे. रोख असते तर गेले नसते. पण वारीचा शिधा आहे, तुम्हाला नाही कसे म्हणू?" म्हणजे आमचे सहाशे रुपये यावेत म्हणून त्याचे चोवीसशे गेले होते. मी ज्याला फुकट म्हणत होतो त्याची किंमत एका माणसाने गप्प बसून मोजली होती. तीही माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहून.

घरी येऊन पुन्हा वही उघडली. आणखी एक गोष्ट कुठेतरी अडत होती. नातवाला परत फोन केला. त्या कार्डाची वर्षाची फी ५०० रुपये आणि वर अठरा टक्के कर, म्हणजे ५९०. मात्र वर्षात लाखभर खर्च केला तर ती फी माफ होते. आमच्या शिध्याने तो लाख एका दिवसात पुरा झाला होता. म्हणजे सहाशे पॉइंटचे आणि ५९० फीचे, मिळून ११९० रुपयांचा लाभ झाला होता. पोराने काही लपवले नव्हते. त्याच्या लक्षातच आले नव्हते. खर्च केला नसता तर जे गेले असते, ते वाचले तर तो लाभ असतो, हे तरुणपणी ध्यानात येत नाही.

नाथमहाराजांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम होते. एका पैचा ताळा लागेना, म्हणून रात्रभर बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग हेच चित्त भगवंताकडे लावशील तर? ही कथा मी शेकडो वेळा सांगितली. सांगताना जोर नेहमी स्वामींच्या वाक्यावर दिला. आता या वयात तिचा पहिला भागही तेवढाच मोलाचा वाटतो. ती पै नाथांची नव्हती. दुसऱ्याची पै आपल्या वहीत राहू नये म्हणून झोप मोडणारा माणूसच पुढे तो आनंद भगवंताकडे वळवू शकला.

इथे कोणी म्हणेल, महाराज, मग कार्ड टाकून द्यावे का? मी तसे म्हणत नाही. आधी पत म्हणजे काय ते पाहू.

मराठीत दोन जवळचे शब्द आहेत, पत आणि ऐपत. आपल्या गाठीला जे आहे ती ऐपत. आपण परत देऊ असा दुसऱ्याला जो भरवसा वाटतो ती पत. ऐपत नसताना पत असू शकते आणि गडगंज ऐपत असूनही पत शून्य असू शकते. कार्डावर जी मर्यादा लिहिलेली असते, लाख, दोन लाख, ती बँकेने आपल्या पतीचा केलेला अंदाज असतो. तरुण माणूस तो आकडा पाहून ती आपली ऐपत समजतो, आणि घोटाळा तिथे सुरू होतो. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हे आपल्या म्हाताऱ्यांनी कार्ड न पाहता सांगून ठेवले आहे.

आमचा एक मृदंग वाजवणारा मुलगा आहे. हात गोड, स्वभाव सरळ. बहिणीच्या लग्नात त्याने कार्डावर साठ हजार खर्च केले. वारीत एका मुक्कामी तो जेवला नाही, तेव्हा जवळ बसवून विचारले. म्हणाला, "महाराज, मी एक महिनाही चुकवला नाही. बँक कळवते, किमान एवढे भरा. तेवढे मी दर महिन्याला भरतो. तरी रक्कम कमी होत नाही." त्याचे बिल पाहिले. साठ हजारांवर किमान भरणा पाच टक्के, म्हणजे ३,००० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,१००. त्या व्याजावर अठरा टक्के कर ३७८. तीन हजारांतले २,४७८ असेच गेले आणि मुद्दल फिटले ५२२ रुपये. शिवाय बाकी राहिलेली असताना त्या कार्डावर नवीन काही घेतले तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज लागते. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. गावचा सावकार शेकडा दोन घ्यायचा तर आपण त्याच्या नावाने बोटे मोडायचो.

मी म्हटले, अरे, मग कोणाला सांगितले का नाहीस? तो म्हणाला, "पांडुरंग बघेल म्हटलं." मला राग आला, पण त्याच्यावर येऊन काय उपयोग? हेच वाक्य आम्ही कीर्तनकारांनी त्याला शिकवले होते. महिपतीबाबांनी भक्तविजयात नरसी मेहतांचे चरित्र गायिले आहे. द्वारकेच्या यात्रेकरूंना त्यांनी सावळसा शेटच्या नावाने हुंडी लिहून दिली आणि देवाने शेट होऊन ती वटवली. आम्ही ती कथा रंगवतो, श्रोते डोळे पुसतात. पण नरसींनी ते पैसे साधुसंतांच्या मुखी घातले होते, स्वतःची हौस भागवली नव्हती, हे सांगायला आमचा वेळ पुरत नाही. आपण खर्च करायचा आणि फेडायला देवाला पाठवायचे, ही भक्ती नव्हे. ज्याला आपण घरचा मालक म्हणतो त्याला वसुलीच्या दारात उभे करणे आहे ते.

त्या मुलाला गावच्या पतसंस्थेत नेले. तेरा टक्के वर्षाच्या दराने साठ हजारांचे कर्ज मिळाले आणि कार्डाची बाकी एका दिवसात पुरी भरली. आता महिन्याला सुमारे २,८५० रुपये हप्ता आहे, म्हणजे आधी भरत होता त्याहून कमीच. आणि दोन वर्षांत सगळे फिटेल. कार्ड त्याने बंद केले. पतसंस्थेला दोन जामीन लागले, त्यांतला एक मी.

जामिनाच्या कागदावर सही करताना मला गंमत वाटली. कारण वर्षापूर्वी माझा एक अपमान झाला होता, निदान मी तसे समजलो होतो. नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे होते आणि सहकर्जदार म्हणून मी बँकेत गेलो होतो. तिथल्या अधिकारी बाई सौजन्याने बोलल्या. संगणकात पाहून म्हणाल्या, "आजोबा, तुमची सिबिलला नोंदच नाही." हा सिबिल म्हणजे ३०० ते ९०० पर्यंतचा आकडा. घेतलेले कर्ज वेळेवर फेडले का, कार्डाच्या मर्यादेतला किती भाग वापरला, व्यवहार किती जुना, नव्या कर्जासाठी किती दारे ठोठावली, यांवरून तो ठरतो. साडेसातशेच्या वर असेल तर चांगला धरतात. मी जन्मात कर्ज काढले नाही, म्हणून माझा आकडाच नाही. शेवटी कर्ज मिळाले ते माझ्या मुलाच्या नावावर. तो दर वर्षी पीककर्ज मुदतीत फेडतो, त्याची नोंद होती.

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे माधुकरी मागून शिकलो, पुढे पंचेचाळीस वर्षे कीर्तन केले, कोणाचा रुपया ठेवला नाही, आणि म्हणे नोंद नाही! आमच्या घरातून शांतपणे म्हणाल्या, "दवाखान्याच्या वहीत नाव नाही म्हणून कोणी निरोगी माणूस रुसतो का?" एवढ्यात माझा राग उतरला. ती वही कर्ज घेणाऱ्यांची आहे. तिच्यात नाव नसणे हा दोष नाही, आणि असणे हेही पाप नाही. अपमान झाला होता तो माझ्या अभिमानाचा. मी कर्ज काढले नाही याचासुद्धा मी मनात आकडा करून ठेवला होता, आणि तो नऊशेच्या वर होता.

त्या आकड्याबद्दल न्यायाने बोलायचे तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, त्याला खरी किंमत आहे. वीस लाखांचे घरकर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांऐवजी नऊ टक्क्यांनी मिळाले तर वीस वर्षांत सुमारे दीड लाख रुपये जास्त जातात. चांगली पत असलेल्याला दर कमी मिळू शकतो. म्हणजे वेळेवर फेडीची सवय हे पॉइंटांपेक्षा कितीतरी मोठे बक्षीस आहे, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या खिशातून काही जात नाही. शिवाय तो आकडा जात विचारत नाही, वाडा किती चौकांचा ते विचारत नाही. जुना सावकार माणसाची जात आणि जमीन पाहून दर सांगायचा. आपल्या वाळवंटात जो भेदाभेद मोडला, तो निदान या एका बाबतीत त्या आकड्यानेही मोडला, हे कबूल करावे लागेल.

दुसरी गोष्ट, तो आकडा कारण विचारत नाही. आईच्या आजारपणात हप्ता चुकला आणि जुगारात हप्ता चुकला, दोन्ही त्याला सारखेच. आमचा मृदंगी एक दिवस उशीर न करता भरत होता, वहीत तो थकबाकीदार नव्हता आणि तरी बुडत होता. ते त्या आकड्याला कळले नाही. एका मुक्कामी त्याच्या न जेवण्यावरून आम्हाला कळले. म्हणून म्हणतो, आकडा सांभाळावा, पण स्वतःची किंवा दुसऱ्याची किंमत त्यावरून करू नये. आणि आपल्या मंडळींत कोणाचे जेवण सुटले आहे का, तिकडे लक्ष ठेवावे. माझी नोंद नसताना पतसंस्थेने माझी सही घेतली ती ओळखीवर. तीही पतच आहे, आणि गावोगाव ती अजून शिल्लक आहे.

आता तुकोबारायांचे चरित्र आठवा. घराणे व्यापाराचे, सावकारीचे. दुष्काळ पडला, दिवाळे निघाले. मग त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ही कथा सांगून काही जण म्हणतात, बघा, तुकोबांनी कर्जच बुडवले, आपणही बुडवू. नीट पाहा. त्यांनी बुडवली ती येणी, लोकांकडून आपल्याला यायची होती ती. कोणाचे देणे त्यांनी बुडवले नाही. आणि बुडवण्याआधी अर्धी खते धाकट्या भावाला, कान्होबांना, वाटून दिली. वैराग्याच्या त्या भरातसुद्धा भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. स्वतःचे तेवढेच सोडले. दुसऱ्याच्या हक्काचे सोडून दाखवणे हे वैराग्य नव्हे.

हे मनात आले आणि माझ्या सहाशे रुपयांचे उत्तर मिळाले. पंगतीला तूप वाढून दिंडीचा मोठेपणा मिरवण्यासाठी ते माझे नव्हतेच. दुकानदाराकडे पुन्हा गेलो, ११९० रुपये पुढे ठेवले. त्याने हात जोडले. "महाराज, ते मी पांडुरंगाला वाहिले. परत कसे घेऊ?" मी म्हटले, तू वाहिलेस, पण आम्हाला ते ठाऊक नव्हते. आम्ही ते बँकेचे बक्षीस म्हणून घेतले. घेताना देणाऱ्याचे नाव ठाऊक असावे, एवढेच माझे मागणे आहे.

एकादशीच्या बैठकीत मी वही वाचली. जमेच्या बाजूला नवी ओळ होती, 'अन्नदान, ११९० रुपये, हस्ते किराणा दुकानदार.' पुढे त्याचे नाव वाचले. तो मागे खांबाला टेकून बसला होता, त्याने मान खाली घातली. नातवाने फीचे ५९० आपल्या खिशातून आणून दिले होते, मी मागितले नव्हते. मग ठराव केला की पुढच्या वर्षी शिध्याचे पैसे दिंडीच्या खात्यातून चेकने द्यायचे, म्हणजे रोकड नेण्याचा धोका नाही आणि कोणाच्या पैशांतून कापणेही नाही.

तरुण वारकऱ्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. कार्ड असेल तर असू द्या. बँकेत पैसे आधी असतील तेवढेच त्यावर घ्या, आणि बिल आले की पूर्ण भरा, किमान नव्हे. कार्डाने रोख काढू नका, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आहे. पॉइंटासाठी किंवा फी माफ व्हावी म्हणून नको ती वस्तू घेऊ नका. शंभर रुपये खर्चून आठ आणे मिळवणारा शहाणा नव्हे. छोट्या दुकानदाराकडे जाल तेव्हा त्याला विचारा, तुला कसे बरे पडेल? आणि फेडणे जड जात असेल तर लाज सोडून पहिल्याच महिन्यात कोणा वडीलधाऱ्याला सांगा. लपवलेल्या कर्जाचे व्याज शरीरही भरते.

आपण नाम घेतो तेही फळ मागण्यासाठी नाही. माळेचा एकेक मणी ओढताना पॉइंट मोजणारा माणूस जपाला बसलेलाच नसतो. प्रपंचातही तसेच थोडे शिकता आले तर पाहावे. द्यायचे ते वेळेवर द्यावे, कारण ते द्यायचे आहे. त्यातून आकडा वाढला तर वाढो.

बैठक संपली, पसायदान झाले. माझ्या हातून वही मिटताना मृदंगाचा मुलगा जवळ आला. म्हणाला, "महाराज, दोन हप्ते झाले, बावीस राहिले." मी म्हटले, वहीत लिहू का? तो हसला, आणि पंगतीत जाऊन बसला.

राम कृष्ण हरि.